मी पाडलेलं नाव

आमच्या गावात अर्ध्याहून जास्त घरं एकाच आडनावाची. त्यात आजोबाचं नाव नातवाला ठेवायची पद्धत, त्यामुळे तीच चार-पाच नावं फिरून फिरून येतात. गॅसच्या टेम्पोवर नवा माणूस आला की नाक्यावर उभा राहून पावतीवरचं नाव मोठ्याने वाचतो, आणि चहाच्या टपरीवर बसलेली माणसं त्याच्या तोंडाकडे बघत राहतात. शेवटी कोणीतरी म्हणतं, "तां रवांदे रे, तेका म्हणतत काय तां सांग." मग तो कुठे तरी फोन करतो, टोपणनाव विचारून घेतो आणि दोन मिनिटांत सिलिंडर योग्य दारात पोचतो. आमच्याकडे बारशाला ठेवलेलं नाव शाळेच्या दाखल्यापुरतं आणि सातबाऱ्यापुरतं असतं. जगायला दुसरं लागतं.

हे दुसरं नाव कोण ठेवतं, असं बाहेरची माणसं विचारतात. गाव ठेवतं, असं आम्ही सांगतो. ते खोटं आहे. एका कोणाच्या तरी तोंडून ते निघतं आणि बाकीचे हसतात, एवढंच गावाचं काम. आमच्या गावात पंचवीस-तीस वर्षं ते तोंड बहुतेक वेळा माझं होतं.

मी हायस्कूलात मराठी शिकवायचो. शब्दांची खोड लहानपणापासूनची. गावात एखादा वाक्प्रचार रुळला की तो कुठून आला हे मी शोधून काढायचो आणि एका वहीत लिहून ठेवायचो. उदाहरणार्थ, हातातोंडाशी आलेलं काही निसटलं की आमच्याकडे "तेना तळेऱ्याक चाय घेतल्यान" असं म्हणतात. आमच्या वाडीतला एकजण नोकरीच्या मुलाखतीला कोल्हापूरला निघाला होता. तळेऱ्याला चहासाठी उतरला, आणि त्याची सर्टिफिकेटं पिशवीत बसून एसटीने एकटीच कोल्हापूरला गेली. कोणी फार खोदून खोदून विचारायला लागलं तर "पुरे झाला तुझा इन्सुली" म्हणतात, कारण गोव्याहून येताना इन्सुलीच्या तपासणी नाक्यावर पिशव्या उघडून दाखवायची सगळ्यांना सवय. असे शंभरेक शब्द त्या वहीत आहेत. पुढेमागे त्याचं पुस्तक काढायचं माझ्या मनात होतं. त्यातले दहा-बारा शब्द माझेच, आणि ते मी वहीत 'लोकांच्या तोंडचे' म्हणून नोंदवले आहेत.

एक शब्द मात्र मी कधीच नोंदवला नाही. तो आता सांगतो.

आमच्याकडे देवळात गाऱ्हाणं घालतात. मानकरी देवासमोर उभा राहून गावाच्या वतीने मागणं मागतो आणि प्रत्येक मागण्याला जमलेली माणसं एका सुरात "होय म्हाराजा" म्हणतात. एका वर्षी शिमग्यात, होळीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, देवळासमोर सगळा गाव जमला होता. मानकऱ्याने सुरुवात केली. "बा देवा म्हाराजा, आज ही तुझी लेकरां तुझ्या पायांकडे जमली आसत. तेंच्या पोराबाळांक, गुराढोरांक सुखी ठेव रे म्हाराजा." सगळे ओरडले, "होय म्हाराजा!" सगळं शांत झालं, आणि त्या शांततेत मागून एकट्याचा आवाज आला, "होय म्हाराजा."

तो वरच्या बागेत राहणारा माणूस होता. गावाच्या वर डोंगराच्या उतारावर त्याचं घर, थोडं भाताचं शेत आणि काजूची बाग. माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठा, बोलायला कमी. कोणाच्या अध्यात न मध्यात. पुढच्या मागण्यालाही तेच झालं. आधी गावाचा होय, मग त्याचा. तिसऱ्या वेळी मानकऱ्यालाच हसू आलं आणि त्याचे शब्द अडखळले. बायकांनी तोंडाला पदर लावले. तो मात्र हात जोडून, डोळे मिटून उभा होता. चौथ्या वेळीही तो मागूनच म्हणाला.

गाऱ्हाणं संपल्यावर आम्ही टपरीवर बसलो. सगळे माझ्याकडे बघत होते. आता सर काहीतरी बोलणार, हे त्यांना ठाऊक होतं आणि मलाही ठाऊक होतं. मी चहाचा घोट घेतला आणि म्हटलं, "आपल्या देवाक आता दोन होय मेळतत. एक गावाचो आणि एक मागचो." लोक हातावर टाळ्या देऊन हसले. संध्याकाळी मी बाजारातून येत होतो, तर रिक्षावाला कोणाला तरी सांगत होता, "मागच्याच्या घराकडे सोडून इलंय." मला इतका आनंद झाला होता की घरी येऊन मी तो शब्द बायकोला सांगितला.

मागचो. म्हणजे मागे राहणारा. नाव पडलं की ते नुसतं हाक मारण्यापुरतं राहत नाही. त्या माणसाची भातपेरणी दर वर्षी गावात सगळ्यांच्या आधी व्हायची. काजू तो सगळ्यांच्या आधी गोळा करून बाजारात न्यायचा. तरी एखाद्या लग्नात तो पंगतीला दिसला नाही तर लोक म्हणायचे, येईल मागाहून, मागचोच तो. त्याची बायको मागचीण झाली. ती बिचारी लवकर गेली, तेव्हाही बायका "मागचीण गेली" असंच म्हणाल्या. मी तिच्या मयताला गेलो होतो. त्यांच्या तोंडी माझा शब्द ऐकून मला त्या दिवशी काहीच वाटलं नाही. हे लिहिताना वाटतं.

त्यांना एकच मुलगी. ती आठवीत माझ्या वर्गात आली. हुशार, बाकावर कडेला बसणारी. एकदा ती वर्गात शिरताना मागच्या बाकावरच्या पोरांनी "मागची इली, मागची इली" असा गलका केला. मी त्या पोरांना उभं केलं, छडी काढली आणि विचारलं, "असले शब्द कुठून शिकता रे तुम्ही?" वर्ग एकदम चिडीचूप झाला. सगळी पोरं माझ्याकडेच बघत होती. त्या शांततेचा अर्थ मला कळायला थोडा वेळ लागला. मुलीने मान खाली घालून वही उघडली होती. तिलाही माहीत होतं. मी छडी ठेवली आणि धडा वाचायला सुरुवात केली.

ती नर्सिंगला गेली. शिक्षण पुरं झाल्यावर तोंडवलीकडचं एक स्थळ तिच्यासाठी आलं. समुद्रकाठी पर्यटकांसाठी त्यांच्या खोल्या होत्या, मुलगा चांगला होता. पाहुणे गाडीने आमच्या नाक्यावर उतरले आणि मुलीच्या वडलांचं नाव सांगून घर विचारू लागले. कोणालाच कळेना. मग एकाच्या डोक्यात प्रकाश पडला. "मागच्याकडे काय? आधी सांगूचा मा!" पाहुण्यांनी साहजिकच विचारलं, मागचो म्हणजे काय. मग त्यांना सगळं सांगितलं गेलं, मानकऱ्याच्या नकलेसकट. पाहुणे हसत हसत वर गेले. स्थळ मोडलं. कारण दुसरंही असेल, पत्रिकेचं असेल. पण त्या दिवशी टपरीवर मीही बसलो होतो, आणि नक्कल चुकली तेव्हा मी ती दुरुस्त करून दिली होती.

पुढच्या आठवड्यात मुलीचा बाप माझ्याकडे आला. खांद्यावर कापा फणस होता. फणस पडवीत ठेवून तो पायरीवरच बसला, वर ये म्हटलं तरी आला नाही.

"मास्तरांनू," तो म्हणाला, "ह्यां नाव तुमी घातलात. आता तुमीच काडा."

मी हसण्यावारी नेलं. "अरे, मस्करी ती. मनाक कित्याक लावन घेतंस?"

"माका काय नाय. चेडवाक लागता तां," तो मुलीबद्दल म्हणाला.

मी म्हटलं, लोक बोलायचे थांबत नाहीत, मी एकटा काय करणार. तो म्हणाला, "मानकरी काय मागता तां आयकूचा लागता मा? मी आयकान मगे होय म्हणतंय. न आयकताच कसा म्हणू?"

इतकी वर्षं मी स्वतः देवासमोर होय म्हाराजा म्हणत होतो आणि कशाला म्हणत होतो हे मला कोणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. मी त्याला शब्द दिला. येत्या शिमग्यात गाऱ्हाण्याआधी उभा राहून सगळ्यांना सांगतो, की हे नाव माझ्या तोंडून गेलं, ते चुकलं, यापुढे कोणी घेऊ नये. त्याने मान डोलावली. उठताना म्हणाला, "तुमी सांगलात तर आयकतले."

शिमगा आला. मी सांगितलं नाही. भित्रेपणा होताच, गाव माझ्यावरच हसेल असं वाटलं. पण खरं कारण सांगायचं तर ते नाव मला आवडत होतं. माझ्या सगळ्या नावांत ते सगळ्यांत नेमकं बसलं होतं आणि ते पुसायला माझं मन होत नव्हतं. एका माणसाने पायरीवर बसून हात पसरावेत आणि आपण हे मनात आणावं, याची आज किळस येते.

त्या सकाळी तो देवळात आला होता. मी कधी उठतो याची वाट बघत खांबाजवळ उभा होता. मानकऱ्याने गाऱ्हाणं सुरू केलं तेव्हा तो माझ्याकडे एकदा बघून देवळाबाहेर पडला. त्यानंतर तो कधीच गाऱ्हाण्याला आला नाही. पहिल्या वर्षी लोकांनी चौकशी केली, नंतर विसरले. नाव राहिलं. नवी पोरं ते नाव घ्यायची तेव्हा त्यांना त्याची कथासुद्धा माहीत नसायची. आता त्यात चिडवणं कुठे उरलंय, असं म्हणून मी माझी समजूत घातली.

मुलगी गोव्यात एका इस्पितळात नोकरीला लागली. लग्न तिने केलं नाही. गेल्या हिवाळ्यात बापाला दम्याने फार धरलं तेव्हा ती त्याला आपल्याकडे घेऊन गेली. वरच्या घराला कुलूप लागलं. चार महिन्यांनी, वैशाखातल्या एका सकाळी, तिचा फोन आला.

"सर, बाबा गेले. दुपारपर्यंत घेऊन येतंय. गावात तुमीच लिवतास मा सगळ्यांचा?"

ते खरं होतं. गावात कोणी गेलं की गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरचा मजकूर मी लिहितो, नाक्यावर लावायच्या फलकाचाही मीच. आमच्याकडे श्रद्धांजलीच्या फलकावर नावापुढे कंसात टोपणनाव घालतात. नाहीतर कळणार कसं?

"बाबांचा फक्त नाव घाला," ती म्हणाली. "दुसरा कायएक नको. कंसात सुद्धा नको. शेवटाक तरी ते आपल्या नावान जांवदेत."

मी म्हटलं, "घालतंय गो. तसाच घालतंय."

आणि मी तसंच लिहिलं. संपूर्ण नाव, वडलांच्या नावासकट. अंत्ययात्रा दुपारी चार वाजता राहत्या घरून. ते नाव मी आयुष्यात पहिल्यांदा लिहीत होतो. ग्रुपवर टाकल्याबरोबर खाली जोडलेल्या हातांची रांग लागली. मुंबईहून, पुण्याहून, अगदी मस्कतहूनही कोणी कोणी हात जोडले. भावपूर्ण श्रद्धांजली. ईश्वर मृतात्म्यास शांती देवो. मला बरं वाटलं. दिलेला शब्द एकदा तरी पाळला, असं वाटलं.

मी दुपारीच वर गेलो. दोन वाजून गेल्यावर अँब्युलन्स आली. त्याला उतरवून ओटीवर ठेवलं. घराशी आम्ही चार पुरुष होतो. मी, खालच्या वाडीतला त्याचा चुलतभाऊ, पलीकडच्या आंब्याच्या बागेत राखणीला असलेला नेपाळी आणि अँब्युलन्सचा गोव्याचा ड्रायव्हर. मुलगी बापाच्या उशाशी बसली होती. तिने त्याच्या अंगावर पांढरी चादर नीट केली, समई लावली. रडणं तिचं गोव्यातच आटपलं असावं.

आमच्याकडे मयताला येणारा प्रत्येक घरचा माणूस एकेक लाकूड घेऊन येतो. त्यामुळे सरण रचायला कोणाला वेगळी धावपळ करावी लागत नाही. तीन वाजले तरी उतारावर कोणी दिसेना. चुलतभाऊ कुऱ्हाड घेऊन घरामागच्या वठलेल्या फणसाकडे गेला, नेपाळी त्याच्या मागोमाग गेला. ड्रायव्हरने शर्ट काढून ठेवला आणि तोही लाकडं ओढायला लागला. त्याचा आणि मेलेल्या माणसाचा काडीचा संबंध नव्हता. कुऱ्हाडीचे घाव ऐकत मी अंगणात उभा होतो. मला ते सहन होईना. गावातला एक माणूस गेला होता आणि त्याच्या अंगणात एक कुत्रंसुद्धा आलं नव्हतं. साडेतीन वाजता मी मुलीला म्हटलं, "जरा नाक्यार जावन येतंय."

तिने मान वर केली. "कित्याक, सर?"

"बघतंय, कोण येता काय तां."

ती मला थांबवत म्हणाली, "रवा हंयच." मी गेलो.

टपरीवर दहा-बाराजण बसले होते. फलक तयार व्हायचा होता, पण माझा मजकूर सगळ्यांच्या मोबाइलमध्ये होता. मला बघून एकाने विचारलं, "सर, आज कोण तो गेलो? मुंबयवालो कोण काय?"

मी नाव सांगितलं, आडनाव सांगितलं.

"तां वाचला ओ. आमी हात पण जोडले. पण खंयचो तो?"

मला किती तरी सांगता आलं असतं. गोव्यात नर्स असलेल्या पोरीचा बाप, असं सांगता आलं असतं. काजू सगळ्यांत आधी नेणारा तो, असं सांगता आलं असतं. एखाद्याचा हात धरून त्याला नुसतं वर नेता आलं असतं. पण तो शब्द माझ्या तोंडात तयार होता आणि मी तो बोललो. "मागचो गेलो रे."

टपरीवरचे सगळे उठून उभे राहिले. "मागचो? आणि सांगूचा नाय काय?" मग मी मोबाइल काढला. त्यांच्यापैकी कोणीही ते केलं असतं, पण मीच केलं. ग्रुपवर माझ्या मजकुराखाली एकच शब्द टाकला.

अर्ध्या तासात उतार माणसांनी भरला. मोटारसायकली आल्या, एकजण टेम्पोभर लाकडं घेऊन आला. दुकानदाराने फळ्या लावून दुकान बंद केलं. बायका आल्या आणि खऱ्याखुऱ्या रडल्या. "बरो माणूस होतो रे मागचो." "कोणाच्या वायटात नाय मागचो." प्रत्येकाच्या तोंडी तेच. त्यात कोणाच्या मनात काही वावगं नव्हतं, हे मी शपथेवर सांगतो. त्यांना तो आवडत होता आणि त्याचं दुसरं नाव त्यांना माहीत नव्हतं.

मुलगी ओटीवरून हे सगळं बघत होती. गर्दी वाढायला लागली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर आधी नुसतं आश्चर्य होतं. मग तो शब्द तिच्या कानावर आला, मग पुन्हा आला. तिने मोबाइल उघडून बघितलं आणि परत पिशवीत ठेवला. तिने मला शोधलं नाही. साडेचार वाजता खांदेकऱ्यांची झुंबड उडाली. खांदा द्यायला माझी पाळीच आली नाही. मडकं तिनेच धरलं, अग्नीही तिनेच दिला, आणि शेवटी हात जोडताना कोणीतरी मोठ्याने म्हणालं, "मागच्या, सुखान जा रे बाबा."

माणसं पांगली तेव्हा उन्हं कलली होती. ती विहिरीवर हातपाय धूत होती. मी कडेला जाऊन उभा राहिलो. तिने बादली खाली ठेवली. मग मीच सुरुवात केली. म्हटलं, "काय करतलंय गो? कोणाक कळतच नाय होता. एक माणूस येय नाय होतो. बापाशीक असोच कसो नेतलं होतंस?"

तिने पदराने तोंड पुसलं. आवाज चढवला नाही. ती वर्गात उत्तर द्यायची तशी, सावकाश बोलली.

"सर, उचलूक चार माणसां लागतत. चार होती. चौथे तुमी होतात."